खाटेवरची आणि खाटेखालची

माणसाकडे मत मागता येतं, सोयरीक मागता येते, गेलाबाजार विरजणाला चमचाभर दही मागता येतं. थुंकी मागायला मात्र वेगळी छाती लागते. माझी छाती तशी लहान. साधा रस्ता ओलांडायचा तर मी चारदा दोन्हीकडे बघते, दोन पावलं पुढे जाते आणि परत फुटपाथवर येते. तरी आयुष्यभर मी हेच काम केलं. नाशकात, नदीपलीकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात, छातीच्या आजारांच्या बायकांच्या वॉर्डात मी आया होते. रोज सकाळी परक्या बाईच्या तोंडासमोर पुठ्ठ्याची गोल डबी धरायची आणि म्हणायचं, "हं, खोका आता."

या अंकाच्या ताई म्हणाल्या, कामाच्या आठवणी लिहा. मी म्हटलं, अहो, दिवाळीत लोक चकली खात अंक वाचतात, त्यात मी बेडक्याबद्दल लिहू? त्या म्हणाल्या, लिहा. तेव्हा वाचणाऱ्यांनी चकली आधी संपवून घ्यावी.

थुंकी वेगळी आणि बेडका वेगळा, हे नाशिक जिल्ह्याला पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. थुंकी तोंडातली. तिचा तपासणीला काही उपयोग नाही. बेडका छातीतून वर यावा लागतो. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, नुसती चूळ भरायची, दोनदा खोल श्वास घ्यायचा आणि तिसऱ्याला पोटापासून खोकायचं. बायका पहिले दोन श्वास नीट घ्यायच्या आणि तिसऱ्याला थांबून विचारायच्या, "पन तुमाला कशाला पायजे?" कुणी मिश्री लावून यायची, मग डबीतला रंग बघून तपासणीच्या खोलीतले काका धावत बाहेर यायचे. मनमाडच्या एका आजींनी डबी काठोकाठ भरून आणली होती. दोन दिवस साठवली म्हणाल्या, दवाखान्याला कमी पडायला नको. आणि एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. त्यांनी डबी दिली आणि दुसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "किती मिळाले?" मी म्हटलं, बाई, यात नापास होणंच चांगलं.

डबी भरली की तिच्यावर चिकटपट्टी लावायची. पट्टीवर खाटेचा नंबर, बाईचं नाव आणि खाली एक शब्द, "समक्ष". त्याच्याखाली माझी सही. या डबीत याच बाईने खोकलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, असा त्याचा अर्थ. काका डबी बघायचे, त्यांना बाई दिसायची नाही. डॉक्टर बाई बघायचे, त्यांना डबी दिसायची नाही. दोघांच्या मध्ये आठवीतून शाळा सुटलेल्या विमलची सही. मला त्याची फार भीती वाटायची आणि खरं सांगायचं तर थोडी मिजासही.

शाळा कशी सुटली ते सांगते. मी गोंदियाकडची, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखातली. मोठ्या बहिणीला नाशिकरोडला दिली होती. तिचं दुसरं बाळंतपण आलं. आईला निघता येईना, कारण आजी अंथरुणाला खिळलेली. आजीजवळ आई, म्हणून बहिणीजवळ मी, असा हिशेब घरात आपोआप झाला. आठवीची सहामाही नुकतीच झाली होती. दोन महिन्यांची बोली होती. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत.

तक्रार नाही हं माझी. भाऊजींनी घरात घेतलं, बहिणीने आपल्या ताटातलं दिलं. मी तर उतरताना बसच्या कंडक्टरचेही आभार मानायची, त्यामुळे त्याला वाटायचं मी तिकीट काढलेलं नाही. नाशिकच्या बायका माझ्या बोलण्याला हसायच्या. "काय करून राहिली गं, विमल?" असं मला माझ्याच बोलीत विचारायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. भात खाऊन वाढलेली मी बाजरीची भाकरी थापायला लागले की भाऊजी म्हणायचे, नकाशा चांगला जमलाय, आता भाकरी कर.

तिसऱ्या खेपेला बहिणीचं बाळंतपण अवघड गेलं, मागोमाग छातीत पाणी झालं आणि ती याच दवाखान्यात, याच वॉर्डात दीड महिना पडून होती. तिच्या खाटेखाली मी. वॉर्डाच्या सिस्टर कडक बाई. त्यांचं नाव घ्यायची आमची कुणाची टाप नव्हती आणि आजही मी घेणार नाही. त्यांनी मला पाहिलं. बहिणीचं भांडं उचलता उचलता मी शेजारच्या तीन खाटांचीही उचलत असे. एक दिवस त्या म्हणाल्या, "एवढं करतेसच, तर पगार घेऊन कर." अशी मी खाटेखालून नोकरीला लागले. हेच काम घरी सकाळ-संध्याकाळ करत होते, त्याचे कुणी पैसे देतं हे पहिल्या महिन्यात मला लबाडी केल्यासारखं वाटायचं. नोकरी टेंपरवारी होती. पर्मनंट व्हायला वर्ष काढायचं होतं, तेही एकही ठपका न येता.

आता खाटेखालच्या जगाबद्दल. दवाखाना डॉक्टर चालवतात असं बाहेरच्यांना वाटतं. डॉक्टरांनाही तसंच वाटतं. वॉर्ड चालायचा तो सोबतवाल्या बायांवर. पेशंटबरोबर एका माणसाला राहायची परवानगी होती, त्याचा गुलाबी पास मिळायचा. पासवर नाव नसायचं, नुसतं "सोबत एक" लिहिलेलं. ही सोबत पेशंटला पुसायची, भरवायची, चालवायची, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकून ठेवायची आणि डॉक्टर गेल्यावर पेशंट "मला काय झालंय" म्हणून रडायला लागला की "काही नाही हो" म्हणायची. झोपायची खाटेखाली, सतरंजीवर. जेवणाचं ताट पेशंटपुरतं एकच यायचं, पेशंटने टाकलेलं ते सोबतीचं. आम्हीही त्यांना नावाने ओळखत नसू. चार नंबरची मुलगी, सात नंबरची जाऊ, नऊ नंबरची सून. गंमत म्हणजे पुरुषांच्या वॉर्डातही खाटेखाली बायकाच. पुरुषमाणसं रविवारी यायची, डझनभर केळी घेऊन. खाटेच्या कडेवर टेकायची, "लय दगदग झाली हो" म्हणायची, आणि खाटेखालची बाई उठून त्यांना पाणी द्यायची. त्यातली तीन-चार केळी दगदगीतच संपायची.

या नऊ नंबरच्या सुनेपायी मी नोकरी घालवायच्या बेतात आले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं.

नऊ नंबरच्या खाटेवर सायखेड्याच्या ठकूबाई होत्या. साठीच्या पुढच्या, अंगाने भरदार, आवाज असा की वॉर्डात बोलल्या तर नदीवर धुणं धुणाऱ्या बायांनी वर बघावं. खोकला आणि बारीक ताप म्हणून लेकाने आणून टाकलं होतं. सून जिजा, पंचविशीची असेल, काडीसारखी. ती सासूला "आत्याबाई" म्हणायची. ठकूबाईंचा तोंडाचा पट्टा दिवसभर तिच्यावर चालू. पाणी गार का दिलं, गरम का दिलं, वेणी घट्ट घातली, सैल घातली. मला सांगायच्या, "पोरी, माझी सून कामाला लय वाघीन हाय. पन खाल्लेलं कुठं जातं तिचं, देवाला ठाऊक. माझ्या घराची बदनामी हाय ही." जिजा खाली मान घालून हसायची, आणि हसता हसता पदर तोंडाशी धरून दोनदा खोकायची. ते खोकणं मी रोज ऐकत होते. पण ती खाटेखालची. खाटेखालच्यांचा खोकला ऐकायची आम्हाला सवय नव्हती.

ठकूबाईंच्या तीन डब्या तपासायच्या होत्या. पहिल्या दोन माझ्यासमोर झाल्या. बाईंनी वॉर्ड दणाणून सोडला, पण डबीत आली नुसती थुंकी. दोन्हींत काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या धाकट्याला जुलाब लागले. त्याला पुसून, साखर-मिठाचं पाणी पाजून मी निघाले तर बस गेलेली. वॉर्डात पोचले तेव्हा जिजाने डबी भरून, झाकण लावून, खाटेच्या कठड्यावर नीट ठेवली होती. ठकूबाई चहा पीत होत्या. मी विचारलं, झालं का? जिजा म्हणाली, झालं. मी पट्टी लावली, नाव लिहिलं, "समक्ष" लिहिलं, सही केली. न बघता, आयुष्यात पहिल्यांदा.

ती डबी जंतूंनी अशी भरलेली निघाली की काका म्हणाले, इतके जंतू मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. डॉक्टरांनी छातीचा फोटो पुन्हा पाहिला. फोटोत फक्त एक जुना डाग होता. ते जरा घुटमळले, पण डबीपुढे फोटोचं काय चालणार? क्षयाची इंजेक्शनं चालू झाली. त्या काळी रोज एक, कमरेखाली, आणि ती नव्वद घ्यायची. सोबत गोळ्या वर्ष-दीड वर्ष. पेशंट म्हणून रोज दूध आणि अंडंही सुरू झालं. आठवड्यात ठकूबाईंचं वजन दोन किलोने वाढलं. डॉक्टर खूश. म्हणाले, औषध लागू पडतंय. आता सुनेने दोन वेळा घास घास भरवल्यावर कुणाचं वजन वाढणार नाही? माझंही वाढलं असतं.

पण ठकूबाईंना भोवळ यायला लागली. खाटेवरून उतरल्या की भिंत धरायच्या. "भुई फिरती गं," म्हणायच्या, "आन कानात कुनीतरी घंटी वाजवतंय." ते इंजेक्शन उतारवयात कानाला त्रास देतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण जीव वाचायचा तर घंटा चालवून घ्यायची, असा तेव्हाचा रिवाज होता.

आठवं इंजेक्शन झालं त्या दिवशी डॉक्टरांनी ठकूबाईंची आणखी एक डबी मागितली. सकाळी मी वेळेवर हजर. ठकूबाई भिंत धरून बसल्या, दोन श्वास घेतले, तिसऱ्याला खोकल्या, काही आलं नाही. जिजाने माझ्या हातातून डबी हळूच काढून घेतली. मला वाटलं सासूसमोर धरणार. ती व्हरांड्याकडे निघाली.

मी म्हटलं, "कुठे चाललीस?"

"भरून आनते ना," ती म्हणाली. "आत्याबाईंना निघतच नाय. मागल्या बारीलाबी मीच दिला. मला लगेच निघतो."

तिच्या तोंडावर लबाडीचा मागमूस नव्हता. सासूला चालवत नाही तर ही आधार देते, चावत नाही तर भाकरी कुस्करून देते, तसं सासूला खोकवत नाही तर ही खोकते. दवाखान्याला डबी पाहिजे, डबी वेळेवर गेली पाहिजे, नाहीतर बाई ओरडतील. ती ओरडणारी बाई मीच होते.

म्हणजे रोग हिचा आणि सुया सासूला. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, जिजा, तुझा केसपेपर काढ, तुला तपासायला पाहिजे. ती खरोखर बुचकळ्यात पडली. "मला काय झालंय?" म्हणाली. रोज संध्याकाळी अंग मोडतं, कधी गुळणीत लाल दिसतं, ते काय, कष्टाने होतं. आणि केसपेपरची रांग सकाळी आठला, त्याच वेळी आत्याबाईंचं दूध. मी म्हटलं, मी देते दूध. तर म्हणाली, "मी खाटेवर पडले तर यांचं कोन करील? घरी दोन लेकरं हायती, गाय व्यालेली हाय." आजारी पडायलासुद्धा सवड लागते. ती सवड तिला कुणी कधी दिली नव्हती आणि मागायचं तिला सुचलं नव्हतं.

शहाण्या माणसाने त्याच पावली सिस्टरांकडे जावं. मी गेले नाही, आजच्या डबीबद्दल "निघालं नाही" एवढंच कळवलं. पर्मनंट व्हायला एक महिना राहिला होता. त्या तिसऱ्या डबीवर "समक्ष" लिहून माझी सही होती. मी मनात सारखं घोकत होते, आज सांगते. आणि सिस्टर समोर आल्या की "बादल्या घासून झाल्या" एवढंच सांगायची. असे तीन दिवस गेले. तीन दिवसांत ठकूबाईंना तीन इंजेक्शनं. प्रत्येक वेळी मी ट्रे धरून उभी. तिसऱ्या दिवशी सुई बाहेर आल्यावर ठकूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तू का डोळे मिटती? टोचती मला."

नोकरीतली बाकी सगळी चूकभूल मी विसरले. ते तीन दिवस विसरता आलेले नाहीत.

त्याच दुपारी सिस्टर कपाटाच्या चाव्या मोजत होत्या, तेव्हा मी जाऊन सगळं सांगितलं. बस, जुलाब, डबी, सही, आणि वरचे तीन दिवससुद्धा. सिस्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वहीतलं एक पान फाडून दिलं आणि म्हणाल्या, "लिही सगळं. आणि समक्ष म्हणजे काय, तेही लिही." मी लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि मगच कागद डॉक्टरांकडे पाठवला.

डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं. दुसऱ्या सकाळी दोघींच्या डब्या झाल्या, माझ्या आणि सिस्टरांच्या दोघींच्या समोर. सासूच्या डबीत काही नाही. सुनेची डबी पहिल्यासारखीच. फोटोत एका बाजूला छातीत पोकळी. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला. मग मला म्हणाले, "विमल, ही डबी चुकली म्हणून सापडली. नाहीतर ही बाई आमच्या दारात महिनाभर राहून तशीच घरी गेली असती." मला शाबासकी मिळाली की बोलणी बसली, ते अजून कळलेलं नाही.

खरी अडचण रविवारी आली, केळ्यांबरोबर. ठकूबाईंचा लेक आला. माणूस वाईट नव्हता, बिचारा भिऊन गेला. बायकोला क्षय म्हटल्यावर पहिलं त्याच्या तोंडून निघालं ते हे, की तिला माहेरी धाडतो, तिथे आराम मिळेल. हा आराम आम्हाला माहीत होता. असा आराम करायला गेलेल्या कित्येक बायकांच्या गोळ्या दोन महिन्यांत बंद पडायच्या, आणि नवऱ्याच्या घराची वाट त्याआधीच. जिजा खाटेच्या पायाशी उभी होती. अजूनही उभीच. सासूच्या पांघरुणाची घडी घालत होती. तिच्या हातांना तेवढंच सुचत होतं. आईने पाठवली तर जायचं नाही म्हणायची सोय नसते, तशी नवऱ्याने धाडल्यावर राहते म्हणायचीही नसते. डॉक्टर समजावत होते, लेक मान हलवत होता आणि "माहेरी बरं पडेल" हेच पुन्हा म्हणत होता.

ठकूबाई भिंत धरून उठल्या. डोकं गरगरत होतं, तरी उभ्या राहिल्या. लेकाच्या हातातली केळी आधी काढून घेतली. मग सुनेला म्हणाल्या, "अकरा सुया तुझ्या वाटच्या मी खाल्ल्या. उरलेल्या तू खायच्या. कुनी माहेरी जायाचं नाय." लेकाने काही बोलायला तोंड उघडलं तर त्याला म्हणाल्या, "तू गाय बघ. लेकरं बघ. भाकरी येत नसंल तर शिक. मी हितं हाय."

आणि त्या खाटेखाली जाऊन बसल्या. माझ्याकडे हात पसरून म्हणाल्या, "आन तो गुलाबी पास."

मी नवा केसपेपर काढला. नाव विचारलं. जिजाबाई कुणाची कोण, वय किती, ते सारं लिहून घेताना लक्षात आलं की महिनाभरात तिचं पूर्ण नाव पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. वय तिला ठाऊक नव्हतं. ठकूबाई खालून म्हणाल्या, "ल्ही पंचवीस. लगीन होऊन अकरा वर्सं झाली."

ठकूबाईंइतकी वाईट सोबत त्या वॉर्डाने पाहिली नसेल. सुनेचं दूध आणायला जायच्या आणि वाटेत चार खाटांशी भांडून थंड दूध घेऊन यायच्या. वेणी घालायला बसल्या की जिजाचे डोळे पांढरे व्हायचे. पहिल्या आठवड्यात तर जिजाच खाटेवरून उतरून त्यांना चहा द्यायची, आणि मी दिसले की दोघी चोरी पकडल्यासारख्या बघायच्या. मी दटावलं की ठकूबाई म्हणायच्या, "मला काय ठावं कसं करत्यात? मी सासू झाल्यापासून काय केलंच नाय." पण ताटातलं अंडं सुनेच्या तोंडात जाईपर्यंत त्या खालून मान वर करून बघत राहायच्या. पुढे वॉर्डात म्हणच पडली, की अंडं समक्ष.

जिजा बरी झाली. तीन महिने आमच्याकडे होती. पुढच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला सायखेड्याहून यायची, आणि ठकूबाई तिच्याबरोबर. गोळ्या संपल्यावरही ठकूबाई दोन-चारदा आल्या, मला शेंगा देऊन गेल्या. मान थोडी कलती करून ऐकायच्या. कानातली घंटा काही गेली नाही. त्याबद्दल मी कधी विषय काढला की म्हणायच्या, "असू दे गं. तुझ्या दवाखान्याची आठवन हाय. जत्रंला गेल्यागत वाटतं." असं म्हणायच्या म्हणून मला जास्त लागायचं.

मला ठपका लागला. पर्मनंट व्हायला आणखी एक वर्ष गेलं. मी सिस्टरांचे आभार मानले, तर त्या म्हणाल्या, शिक्षेचे आभार मानणारी तू पहिलीच. पण त्या वर्षापासून मी एक काम चालू केलं, कुणी न सांगता. सोमवारी पेशंटांची वजनं व्हायची. पेशंट उतरला की मी खाटेखालच्या बाईला म्हणायची, चढ. बायका लाजायच्या, "मला कशाला," म्हणायच्या, मागे बघायच्या की काटा दुसऱ्याच कुणासाठी तर नाही ना. वजन मी गुलाबी पासाच्या मागे पेन्सिलीने लिहायची. पेन्सिलीने, कारण ते सरकारी नव्हतं, धर्मादायही नव्हतं, माझंच होतं. महिन्यात पेशंट वाढतोय आणि सोबत उतरतेय असं दिसलं की मी सिस्टरांच्या टेबलावर पास उलटा ठेवून निघून जायची. दुपारपर्यंत त्या बाईचा केसपेपर निघालेला असायचा. ऐंशीच्या दशकात किती पास असे उलटे ठेवले ते मोजले नाहीत. मोजायला हवे होते, असं आता वाटतं.

सांगायचं राहिलं ते जिजाच्या डबीनंतरच्याच आठवड्यातलं. सिस्टर सकाळी हातात कोरी डबी घेऊन आल्या. मी पुढे होऊन विचारलं, कितवी खाट? त्या म्हणाल्या, "तू. वर्षभर या सगळ्यांच्या तोंडासमोर उभी आहेस. तुझी कधी झालीय?"

मी म्हटलं, मला काय झालंय? म्हटलं आणि जीभ चावली. नऊ नंबरवरून जिजा माझ्याकडे बघत होती.

व्हरांड्यात जायचं तर सिस्टर म्हणाल्या, इथेच, माझ्यासमोर. दोन श्वास घेतले. तिसऱ्याला खोकले. काही नाही. पुन्हा दोन श्वास. सगळा वॉर्ड उठून बसलेला. रोज दुसऱ्यांना खोका खोका म्हणणारीला स्वतःला खोकता येईना. खाटेखालून ठकूबाई माझंच बोलणं मला ऐकवायला लागल्या, "पोटापासनं, पोरी, पोटापासनं. थुंकी नको, बेडका पायजे." बायका हसून हसून खोकायला लागल्या. त्या दिवशी डब्या मागितल्या असत्या तर वॉर्डभर भरल्या असत्या.

जिजाला माझी दया आली. ती खाटेवरून वाकली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी देऊ का?"

सिस्टरांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मला हसू आलं, हसता हसता रडू आलं, आणि त्या सगळ्या गोंधळात छातीतून खरोखरचा खोकला वर आला. डबी भरली. दोन दिवसांनी उत्तर आलं, काही नाही म्हणून. गोंदिया सोडल्यापासून माझ्या जिवाची अशी चौकशी कुणी केली नव्हती.

ती पट्टी मी काकांकडून मागून घेतली, धुऊन, वाळवून. अजून माझ्या ट्रंकेत आहे. वर नाव माझं. खाली "समक्ष", आणि सही सिस्टरांची.